मोठा नसेल त्याने गप्प बसावे

मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी माझा मसुदा मंजूर झाल्याचं पत्र आलं, आणि दहा वाजून सहा मिनिटांनी मी पहिली चूक केली. मी ते लोकांना सांगितलं.

मसुदा आठ पानांचा होता. इंटरनेटवर यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम ठरलेले असतात. ठिकठिकाणचे इंजिनिअर पत्रापत्री करून, एकमेकांची अक्कल काढून ते ठरवतात, आणि सगळे दमले की तो नियम मानक म्हणून प्रसिद्ध होतो. माझा विषय असा होता: दोन यंत्रं एकाच क्षणी बोलायला लागली तर गप्प कोणी बसायचं? या प्रश्नावर आमच्या समितीत तीन वर्षं चर्चा झाली, आणि त्या तीन वर्षांत एकही माणूस गप्प बसला नाही. बायकोला मी हा विषय सांगितला तेव्हा ती म्हणाली होती की आपल्या घरात हा प्रश्न लग्नानंतर आठ दिवसांत सुटला, त्याला आठ पानं कशाला लागतात.

बायको मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, हे आपल्याला माहीत असेल. तसा तो आमच्या संसारातही आहे.

पत्राची शेवटची ओळ होती, 'मसुदा आता संपादनासाठी रवाना होत आहे.' या ओळीकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. केस कापून झाले की न्हावी मानेवरून ब्रश फिरवतो, संपादन म्हणजे तसंच काहीतरी असणार अशी माझी समजूत. दोन आठवडे, फार तर तीन. ऑफिसात साहेबांना सांगितलं, त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना मी कुठल्या विभागात आहे हे माहीत नव्हतं, पण टाळ्या त्या टाळ्या.

संध्याकाळी लिफ्टमध्ये आमच्या इमारतीचे सेक्रेटरी भेटले. सेक्रेटरी वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. 'मानक' हा शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी माझा हात धरला. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत तो सोडला नाही. प्रमाण आहे म्हणून जग आहे, नाहीतर कोणीही उठून कशालाही किलो म्हणेल, असं ते म्हणाले. आपल्या इमारतीत राहणारा माणूस जगाला प्रमाण घालून देतो आणि आपण स्वस्थ बसायचं, हे त्यांना शोभण्यासारखं वाटेना. वार्षिक सभेत माझा सत्कार करायचा आणि मानकाचं पहिलं पान फ्रेम करून खाली पत्रपेट्यांच्या वर लावायचं, हे त्यांनी चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार पायाने अडवून ठरवून टाकलं. मी 'कशाला उगाच' असं दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा जरा हळू म्हणालो.

घरी फक्त सासऱ्यांनी अभिनंदन केलं नाही. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांपासून, ते आमच्याकडे असतात. चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे छपाईपूर्वीची कच्ची पानं, ती प्रूफं, वाचून चुका काढायचं काम. सवय गेलेली नाही. सकाळचा पेपर ते हातात लाल पेन घेऊन वाचतात. आम्हांला तो साडेनऊनंतर मिळतो, दुरुस्त होऊन. मी काय काम करतो याबद्दल त्यांचं मत एवढंच होतं की जावई वायरींचं काहीतरी बघतात. मी मंजुरीची बातमी सांगितली, त्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "प्रूफं कोण वाचतंय?"

मी हसून म्हणालो की आता ते सगळं कॉम्प्युटर बघतो. पेपरातल्या एका मथळ्यावरचा अनुस्वार त्यांनी जरा जोरात खोडला.

तीन आठवडे झाले. मग पाच. संपादकांच्या कचेरीचं एक पान इंटरनेटवर आहे, त्यावर रांगेतल्या प्रत्येक मसुद्याची अवस्था लिहिलेली असते. मी ते पान दिवसातून किती वेळा उघडायचो हे सांगण्यासारखं नाही. माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'संदर्भाच्या प्रतीक्षेत'. याचा अर्थ मला माहीत नव्हता, पण लोकांना मी तो आत्मविश्वासाने सांगत असे. 'संदर्भ तपासताहेत,' मी म्हणायचो, जणू काही दहा विद्वान माझ्यासाठी ग्रंथालयात शिडी लावून उभे आहेत.

शेवटी मी लाज सोडून संपादकबाईंना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर सभ्य आणि दीड ओळीचं होतं. माझ्या मसुद्यात दुसऱ्या एका मसुद्याचा उल्लेख होता. तो अजून प्रसिद्ध झालेला नाही, आणि तो होईपर्यंत माझा होणार नाही. छापलेल्या कागदाने न छापलेल्या कागदाकडे बोट दाखवायचं नाही, असा त्यांचा नियम.

तो दुसरा मसुदा एकशेचाळीस पानांचा होता आणि त्याचा लेखक पत्रांना उत्तरं देत नव्हता. चौकशी करता कळलं की त्याने नोकरी सोडली आणि तो आता मधमाश्या पाळतो. मी त्याचा फोन नंबर मिळवला. तीन दिवस फोन उचलला गेला नाही. चौथ्या दिवशी उचलला, तेव्हा मागून गुणगुण ऐकू येत होती. मी अत्यंत नम्रपणे, पण त्यात थोडी धार ठेवून, त्याला विचारलं की आपलं एवढं महत्त्वाचं काम असं अर्धवट सोडून कसं चालेल. आपल्यामुळे इतरांचीही कामं अडतात याची आपल्याला कल्पना आहे का.

पलीकडून नुसती गुणगुण येत राहिली. मला वाटलं, ओशाळला.

"माझा मसुदा वर्षापूर्वीच पुरा झाला," तो शांतपणे म्हणाला. "त्यात तुमच्या मसुद्याचा एक उल्लेख आहे. तो तुमचा व्हायची वाट बघत थांबलाय."

मी म्हणालो, असला उल्लेख तुम्ही घातलाच कशाला?

"तुम्ही घालायला लावलात."

आता मला आठवायला लागलं, आणि आठवू नये असं वाटत असताना सगळं तपशीलवार आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मसुद्यावर अभिप्राय मागवले होते. मी चार पानी अभिप्राय दिला होता. त्यात मी बजावलं होतं की माझ्या आगामी कार्याचा उल्लेख नसेल तर हा मसुदा अपुरा आहे आणि मला नाइलाजाने हरकत नोंदवावी लागेल. माझं आगामी कार्य तेव्हा दीड पानाचं होतं. त्याने बिचाऱ्याने कटकट नको म्हणून एक ओळ घातली. त्या ओळीमुळे तो माझ्यासाठी थांबला, थांबून थांबून कंटाळला, कंटाळून मधमाश्यांकडे गेला, आणि आता मी त्याच्यासाठी थांबलो होतो. म्हणजे गेले तीन महिने मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो तो मीच होतो.

मी फोनवरच माफी मागितली. तो मोठ्या मनाचा निघाला. आता दोन्ही मसुदे मंजूर असल्यामुळे ते जोडीनेच बाहेर पडू शकत होते. त्याने फक्त शेवटची संमती द्यायची होती. या आठवड्यात पेट्या हलवायच्या आहेत, त्या झाल्या की देतो, म्हणाला. मधमाश्या बऱ्या, त्या आपल्या कामाच्या आड स्वतःच येत नाहीत, असंही म्हणाला. मी हो म्हटलं. त्या आठवड्याचे सात आठवडे झाले, पण संमती आली.

मात्र त्याआधी आमच्या इमारतीची वार्षिक सभा आली.

विषयपत्रिकेवर माझा सत्कार सहाव्या क्रमांकाला होता. पाचवा, पाण्याच्या टाकीची सफाई. सातवा, कबुतरांचा उपद्रव. मी सेक्रेटरींना सांगून पाहिलं की मानक अजून प्रसिद्ध झालं नाही, त्याला क्रमांकसुद्धा मिळालेला नाही, तेव्हा पुढच्या वर्षी बघू. ते म्हणाले की विषयपत्रिका छापून वाटून झाली आहे. छापलेला विषय आणि माझा न छापलेला मसुदा यांत कोण वरचढ, हे उघडच होतं. फ्रेमही तयार होती. मानक नाही म्हणून त्यांनी मसुद्याचंच पहिलं पान काचेत घातलं होतं आणि क्रमांकाची जागा रिकामी ठेवली होती.

सभा खाली गाड्या लावायच्या जागेत भरली. सत्काराचं भाषण चांगलं झालं. सेक्रेटरींनी शेराच्या मापाच्या बुडाला मेण लावणाऱ्या एका दुकानदाराची गोष्ट सांगितली, तिचा माझ्याशी संबंध लागेना, पण लोक रंगून गेले. मग फ्रेम हातोहात फिरायला लागली. ती तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचली. डॉक्टरीणबाईंना बारीक अक्षर वाचायची सवय. मसुद्याच्या पहिल्या पानावर तळाशी एक ठरावीक मजकूर असतो, तो त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला: हा केवळ मसुदा असून याचा कोणीही आधार घेऊ नये, सहा महिन्यांनंतर तो बाद समजावा.

"मग सहा महिन्यांनी फ्रेम उतरवायची का?" त्यांनी विचारलं. विचारण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

कोणीतरी मसुद्यावरची तारीख बघितली. सहा महिने होऊन तीन आठवडे उलटले होते. मी उठून खुलासा केला की मसुदा एकदा संपादकांकडे गेला की तो बाद होत नाही, नुसता थांबतो. हा खुलासा खरा होता, पण खरा वाटला नाही. मागून एकजण म्हणाला की असल्या कामाला वरपर्यंत ओळख लागते. दुसऱ्याने सांगितलं की समक्ष जाऊन बसावं, उठूच नये. एका आजोबांनी, घर नावावर करून घेताना त्यांना लागलेली अकरा वर्षं, महिन्यावार सांगितली. नंतर सातवा विषय आला आणि सगळे जागे झाले. कबुतरांवर सव्वा तास चर्चा झाली.

सेक्रेटरींना हा अपमान माझ्यापेक्षा जास्त झोंबला. माझ्या नकळत त्यांनी इमारतीच्या लेटरहेडवर संपादकांच्या कचेरीला स्मरणपत्र धाडलं. 'सदर मसुदा आमच्या इमारतीचा असून विलंबाचे कारण तात्काळ कळवावे' अशी त्याची सुरुवात होती. तिकडे पत्र वाचल्याशिवाय टाकून द्यायची पद्धत नाही. संपादकबाईंनी सेक्रेटरींना अदबीने उलट विचारलं, आपण या मसुद्याचे सहलेखक आहात का? असल्यास प्रसिद्धीपूर्वी आपलीही लेखी संमती लागेल.

सेक्रेटरींनी त्याच दिवशी लेखी संमती देऊन टाकली.

हे मला कळलं ते रांगेच्या पानावर माझ्या नावाखाली त्यांचं नाव उगवलं तेव्हा. मी घाईघाईने कळवलं की ते माझे शेजारी आहेत, लेखक नव्हेत. संपादकबाईंचं उत्तर आलं की खेद वाटतो, पण एकदा नोंदलेलं नाव त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय काढता येत नाही. मी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले की सरकारी नोकरीत चाळीस वर्षं त्यांनी दिलेली सही कधी मागे घेतली नाही, आणि या वयात ती सवय लावून घ्यावी असं त्यांना वाटत नाही. आठ दिवस मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलो. नवव्या दिवशी तोड निघाली. त्यांनी नाव मागे घेतलं, आणि कबुतर निवारण उपसमितीचं अध्यक्षपद मी स्वीकारलं. ते अजून माझ्याकडे आहे.

सातव्या महिन्यात माझ्या मसुद्याची अवस्था एकदाची बदलली: 'संपादन चालू'. आणि संपादकबाईंकडून प्रश्न आले. एकेचाळीस प्रश्न. दुसऱ्या पानावर यंत्र 'बोलते' आणि पाचव्या पानावर यंत्र 'सांगते', तर बोलणे आणि सांगणे यांत काही फरक अभिप्रेत आहे का? 'लगेच' म्हणजे किती? चौथ्या पानावर 'वर म्हटल्याप्रमाणे' असं आहे, पण वर तसं काही म्हटलेलं आढळत नाही, कृपया पाहावे.

मी पेटलो. तीन वर्षं तज्ज्ञांच्या समितीने कीस पाडलेला मसुदा, आणि यांना 'लगेच' कळत नाही. रविवारी सकाळी बसून मी सगळ्या प्रश्नांना तडातडा उत्तरं लिहिली. उत्तरांना सात दिवसांची मुदत होती, मी पाऊण तासात उरकलं. एकोणतिसावा प्रश्न होता: 'तिसऱ्या पानावर “ज्याचा आकडा मोठा नसेल त्याने गप्प बसावे” असे आहे, तर सहाव्या पानावर “ज्याचा आकडा लहान असेल त्याने”. दोन्हींचा अर्थ एकच आहे का?' मी उत्तर दिलं, 'अर्थातच. कुठलेही ठेवा.' आणि स्वतःवर खूश होऊन सगळं छापून काढलं, पाठवण्याआधी एकदा डौलात वाचावं म्हणून.

ते कागद टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर सासरे ते वाचत होते. हातात लाल पेन.

मी म्हणालो, बाबा, ते फार तांत्रिक आहे, तुम्हांला समजायचं नाही.

"समजायला लागलं की चुका दिसेनाशा होतात," ते मान वर न करता म्हणाले. "मी शस्त्रक्रियेची तीन पुस्तकं वाचलीयत. एक अक्षर समजलं नाही, पण डावं मूत्रपिंड उजवीकडे गेलेलं मीच पकडलं."

संपादकबाईंवर ते बेहद्द खूश होते. इतकी काळजीपूर्वक वाचणारी व्यक्ती आपल्याला छापखान्यातही एकदोनदाच भेटली, असं त्यांनी सांगितलं. माझ्या प्रत्येक उत्तराखाली मात्र एक बारीक लाल रेघ होती. एकोणतिसाव्यापाशी दोन होत्या.

"हे यंत्रांना आकडे कोण देतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की ज्याचं त्याचं यंत्र स्वतःच एक आकडा उचलतं. दोघं एकदम बोलायला लागले की आकडे बघायचे. ज्याचा मोठा त्याने बोलायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं.

"आणि दोघांनी एकच आकडा उचलला तर?"

मी मसुद्याचं तिसरं पान काढलं. मग सहावं.

"तर दोघांचाही मोठा नाही," सासरे म्हणाले. "तिसऱ्या पानाप्रमाणे दोघंही गप्प. सहाव्या पानाप्रमाणे दोघांचाही लहान नाही, म्हणजे दोघंही बोलत सुटणार. मग या दोन्हींचा अर्थ एकच कसा?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली की हे चौकात रोज बघायला मिळतं. दोन शिकाऊ गाड्या समोरासमोर येतात, तुम्ही जा म्हणून दोघं थांबतात, आणि मागे रांग लागते ती लागते. तिला समजायला अर्धं मिनिट लागलं होतं. समितीला तीन वर्षांत समजलं नव्हतं, आणि मला एकोणतिसाव्या प्रश्नात कोणीतरी अक्षरशः बोट धरून तिथे नेऊन उभं केलं तेव्हा मी 'अर्थातच' म्हणालो होतो.

आता खरी पंचाईत झाली. भाषेतली चूक असती तर संपादकबाईंना कळवून भागलं असतं. पण नियमच चुकला होता, आणि नियम बदलायचा तर मसुदा परत समितीकडे. समिती म्हणजे पुन्हा चर्चा, पुन्हा मंजुरी, महिने. त्याहून वाईट म्हणजे समितीचं प्रत्येक पत्र ज्या सहाशे इंजिनिअरांना एकदम जातं त्यांच्या यादीवर मला स्वतःच्या हाताने लिहावं लागणार होतं की मी चुकलो. त्या यादीवर आमचे एक हरकतदादा आहेत. माझ्या प्रत्येक पत्राला त्यांनी तीन वर्षं हरकत घेतली होती आणि त्या प्रत्येक हरकतीला मी असं उत्तर दिलं होतं की माणसाने आधी मसुदा नीट वाचावा.

दोन दिवस मी वेगवेगळे विचार करून पाहिले. दोन यंत्रांनी एकच आकडा उचलायचा योग कितीसा येणार? लाखात एकदा. तेवढ्यासाठी? शिवाय कोणाच्या लक्षातही आलेलं नाही. शिवाय साहेब दर सोमवारी विचारताहेत. मंगळवारी संध्याकाळी मी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं, आकडेमोडीसकट. तिने ऐकून घेतलं.

"लाखात एकदा जो अडकेल," ती म्हणाली, "त्याला तू सांगणार का, की मला माहीत होतं?"

मी म्हणालो की तो माणूस मला ओळखत नसेल.

"तुझं नाव असेल ना पहिल्या पानावर."

जादा ब्रेक असा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. आधी एक मोठं लिहिलं, त्यात 'काही अंशी', 'एका विशिष्ट दृष्टिकोनातून' असे शब्द होते. ते सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी लाल पेनाने ते खोडत आणलं आणि शेवटी तीन ओळी उरल्या: तिसऱ्या आणि सहाव्या पानावरचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. आकडे समान असल्यास यंत्रे अडकतात. चूक माझी आहे. मी डोळे मिटून ते पाठवलं आणि ऑफिसातल्या पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहिलो.

हरकतदादांचं उत्तर सगळ्यांत आधी आलं. त्यांनी लिहिलं होतं की ही चूक त्यांच्या दोन वर्षांपूर्वीच लक्षात आली होती, पण तिच्याआधी दाखवायच्या इतर चुका संपल्या नव्हत्या. त्याखाली मात्र त्यांनी दुरुस्ती सुचवली होती, आकडे समान निघाले तर दोघांनीही नवीन आकडा उचलावा, आणि ती बिनतोड होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना 'आभारी आहे' असं लिहिलं. त्यांनी त्याला हरकत घेतली नाही.

समितीला चार महिने लागले, संपादकबाईंना आणखी दीड. या वेळच्या त्यांच्या प्रश्नांना सासऱ्यांनी आणि मी मिळून उत्तरं दिली. रोज संध्याकाळी जेवणाआधी एक तास, टेबलाच्या दोन बाजूंना बसून. 'लगेच' म्हणजे किती, यावर आमचे दोन दिवस गेले, आणि आता मला ते दोन दिवस जास्त वाटत नाहीत. एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या आठ पानांवरून बोललो. मी वायरींचं बघत नाही हे त्यांना पटलं. प्रूफं वाचणं म्हणजे काय हे मला.

अगदी शेवटी, अखेरच्या संमतीसाठी दोन दिवसांची मुदत मिळाली, तेव्हा माझ्या मनात आलं की मसुद्याच्या अखेरीस आभाराची एक ओळ असते, तिच्यात सासऱ्यांचं नाव घालावं. त्यांना न सांगता, म्हणजे छापून आल्यावर दाखवता येईल. मी ती ओळ लिहून पाठवली. संपादकबाईंनी विचारलं की नावाची अक्षरं लेखकाने स्वतः तपासली आहेत ना, कारण नावांच्या बाबतीत आमचा इलाज नसतो. मी कळवलं, तपासली आहेत.

मंजुरीनंतर बरोबर एक वर्ष आणि नऊ दिवसांनी मानक प्रसिद्ध झालं. क्रमांकासह. मी ते चांगल्या जाड कागदावर छापून घरी आणलं आणि शेवटचं पान वर ठेवून सासऱ्यांच्या हातात दिलं. बायकोही येऊन उभी राहिली. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि सवयीने त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. तिथेच थांबला.

बायकोने त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

नावातलं एक अक्षर गळलं होतं. घरात कोणाला दाखवायचं नाही म्हणून ती एकच ओळ प्रूफं न वाचता गेली होती, आणि प्रसिद्ध झालेल्या मानकात नंतर कोणालाही, कधीही, काहीही बदलता येत नाही. हेही संपादकांच्या नियमांत आहे. जग असेपर्यंत ते तसंच राहणार. मी खाली बसलो. तिच्या बापाचं नाव लग्नाच्या एकोणीस वर्षांनंतरही मला लिहिता येत नव्हतं.

सासऱ्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"चौतीस वर्षं लोकांच्या नावांतल्या चुका काढल्या," ते म्हणाले. "माझं नाव कधी कुठे छापलंच गेलं नव्हतं. त्यामुळे त्यात चूक व्हायची सोय नव्हती."

त्यांना वाईट वाटलेलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा बघून खात्री करून घेतली.

मग त्यांनी कामाचं विचारलं. छापून गेलेल्या चुकांची नोंद ठेवतात की नाही? मी सांगितलं, ठेवतात. मानकाला हात लावत नाहीत, पण शुद्धिपत्राची वेगळी यादी असते, तिच्यात कोणीही चूक नोंदवू शकतो. ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. मी यादीचा अर्ज उघडला. मूळ मजकूर काय, तो त्यांनी सांगितला. दुरुस्त मजकूर काय, तोही सांगितला, अक्षर अक्षर सुटं करून, आणि मी लिहिल्यावर दोनदा तपासला. तिसरा रकाना होता 'चुकीचे कारण'. तिथे काय लिहायचं, मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"प्रेम लिहू नका," ते म्हणाले. "घाई लिहा."

मी तसं लिहिलं. अर्ज पाठवल्यावर लगेच उत्तर आलं की नोंद मिळाली असून ती तपासणीच्या रांगेत आहे. बायकोने विचारलं, रांग किती मोठी आहे?

"असू दे कितीही," सासरे म्हणाले. "वाचतंय ना कोणीतरी."